फाटकाबाहेरचा बाप

युटातल्या मिल हॉलो गावात थेन ऑलर्टनला ओळखत नाही असा माणूस नव्हता, आणि त्याला हाक मारून थांबवील असाही फारसा कुणी उरला नव्हता. उंच, कमरेत जरासा वाकलेला, लसूणघासाच्या शेतांना पाणी देणारे पंप दुरुस्त करणारा हा माणूस. दर जूनमध्ये मंदिराच्या टेकडीवर मॉर्मन पंथाच्या लोकांचं मोठं धार्मिक नाटक होई. सगळ्या युटातून माणसं येत, गवतावर खुर्च्या मांडून जागा अडवत. त्या पंधरा दिवसांत थेन रोज संध्याकाळी फाटकासमोरच्या कोपऱ्यावर पत्रकं घेऊन उभा राही. ओरडायचा नाही. समोर येईल त्याला म्हणायचा, "वाचून बघा. आत्म्याचं तारण कमवावं लागत नाही, देवाच्या कृपेने मिळतं."

चाळिशीपर्यंत तोही मॉर्मनच होता. त्याचे पणजोबा पहिल्या मॉर्मन जथ्यांबरोबर हातगाडी ओढत या खोऱ्यात आले होते. तरुणपणी त्याने स्वतः दोन वर्षं ओरेगॉनात दारोदार फिरून मॉर्मन धर्माचा प्रचार केला होता. पुढे एकदा विहिरीतून वर घेताना लोखंडी पाइप निसटून त्याच्या पाठीवर पडला आणि तो सहा महिने अंथरुणाला खिळला. इस्पितळात शेजारच्या खाटेवर एक बॅप्टिस्ट ट्रक ड्रायव्हर होता. जाताना तो आपलं बायबल थेनच्या उशाशी ठेवून गेला. थेनने ते दोनदा वाचून काढलं. लहानपणापासून आपण एक शिडी चढतोय आणि तिला वरचं टोकच नाही, असं त्याला त्या खाटेवर पडल्या पडल्या वाटलं, आणि तो हमसून हमसून रडला.

चालायला लागल्यावर तो पहिल्यांदा गेला तो एल्डन यॉर्गनसनकडे. एल्डन गावच्या मॉर्मन मंडळीचा बिशप, पण पोटापाण्यासाठी हार्डवेअरचं दुकान चालवायचा. दोघं एकाच बाकावर शिकलेले. एल्डनने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "थेन, तुला झोप लागते ना नीट? त्या पाठीच्या गोळ्यांनी होतं असं कधी कधी."

वर्षभरात मॉर्मन मंडळीच्या पटावरून त्याचं नाव कमी झालं. बायको मार्वा मात्र तिकडेच राहिली. "आपलं लग्न अनंतकाळासाठी लागलं होतं," ती म्हणाली. "तू मध्येच गाडीतून उतरलास. आता मी वर स्वर्गात कुणाबरोबर राहायचं, ते तूच सांग."

एका छपराखाली दोघं राहिली, रविवारी दोन गाड्या दोन दिशांना जाऊ लागल्या. मुलगी जॅनली तेव्हा अकरा वर्षांची होती. ती आईच्या गाडीत बसे.

गावाने थेनवर दगड उचलला नाही. उचलला असता तर बरं झालं असतं, असं त्याला कधी कधी वाटे. पंप बिघडला की लोक साठ मैलांवरून दुसऱ्या माणसाला बोलावत. तो तापाने पडला, तेव्हा एक बाई दाराशी चीज घातलेल्या बटाट्यांचं गरम भांडं ठेवून गेली. त्याच बाईने पुढच्या जूनमध्ये त्याचं पत्रक हसतमुखाने घेतलं, चार तुकडे केले आणि त्याच्याच खिशात ठेवले. बरोबर सहा वाजता कोपऱ्यावरच्या गवताचे फवारे सुरू होत आणि त्याला पत्रकांसकट भिजवून काढत. शाळकरी पोरी त्याच्याभोवती कडं करून भजनं गात, त्याचा आवाजच बाहेर जाऊ नये म्हणून. त्या कड्यात एका वर्षी जॅनलीही होती. ती गात नव्हती, नुसती खाली बघत उभी होती.

थेनच्या या उभं राहण्याच्या दहाव्या वर्षी टेक्सासहून ड्वाइट केस्लर नावाचा प्रचारक आला. बरोबर चार माणसं, माणसाएवढे फलक आणि एक भोंगा. थेन आता ज्या वीस-पंचवीस माणसांच्या ख्रिस्ती मंडळीत जाई, तिथले पाद्री, पाळक प्रुइट, हरखून गेले. "आता आला बघा खरा योद्धा!" थेनने त्यांना आपल्या कोठारात उतरवलं, जेवू घातलं. मार्वाने त्यांच्यासाठी टर्की भाजली, पण टेबलाशी बसली नाही.

केस्लरची तऱ्हा वेगळी होती. तो मंदिरातून बाहेर पडणाऱ्या नवरीच्या तोंडासमोर भोंगा धरून ओरडायचा, "नरकात चालली आहेस, पोरी! पांढरे कपडे तिथं जळतात!" नवऱ्या रडत, म्हाताऱ्या थरथरत, आणि केस्लरचा माणूस त्याचं चित्रण करी.

"ब्रदर ड्वाइट," थेन त्याला म्हणाला, "अशाने कोण येईल प्रभूकडे?"

"तुझ्या गोड बोलण्याने दहा वर्षांत किती आले, ब्रदर थेन?"

एकही आला नव्हता.

सुक्याबरोबर ओलंही जळतं. गावाच्या लेखी आता थेन आणि भोंगेवाले एकच झाले. तरीही थेनने त्यांना कोठारातून काढलं नाही. खरं सांगायचं तर, इतक्या वर्षांनी आपल्या टेबलाशी बसून कुणीतरी आपल्यासारखी प्रार्थना करतंय, याचीच त्याला भूक होती. अशाच एका प्रार्थनेत त्याने मन मोकळं केलं. "माझ्या जॅनलीसाठी मागा. पोर माझी हरवली आहे. अंधारात आहे." सगळ्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवले. तो बराच वेळ रडला.

पुढच्या वर्षी जॅनलीचं लग्न ठरलं. मुलगा आयडाहोचा, भला होता. लग्न जूनमध्ये, मंदिरात. आत जायचं तर मॉर्मन मंडळीचा परवाना लागतो, आणि थेनकडे तो नव्हता. मुलीच्या लग्नात आई आत, बाप बाहेर.

जॅनली त्याच्या वर्कशॉपमध्ये आली. तो पंपाची मोटार उघडून बसला होता.

"डॅडी, आत नाही येता येणार तुला. पण बागेत थांबशील ना? बाहेर आल्या आल्या मला तू दिसायला हवास."

"थांबेन की."

"आणि त्या दिवशी... कोपऱ्यावर नको उभा राहू."

"नाही राहणार."

"शपथ?"

"अगं, नाही म्हटलं ना! सूट घालून येतो. टायसुद्धा बांधतो, मग तर झालं?"

ती हसली आणि त्याच्या तेलकट हातांची पर्वा न करता त्याला बिलगली. कितीतरी वर्षांत ती अशी बिलगली नव्हती.

त्याच आठवड्यात केस्लर पुन्हा आला. थेनने त्याला कोठाराच्या दारातच गाठलं. "शनिवारी माझ्या मुलीचं लग्न आहे. तेवढा एक दिवस फाटकाशी येऊ नका. हात जोडतो."

केस्लरने त्याच्या खांद्यावर थोपटलं. "प्रभू सांगेल तसं, ब्रदर."

शनिवारी थेन बागेतल्या बाकावर तासभर बसून होता. टाय गळ्याला काचत होता. एल्डन यॉर्गनसन आपलं आतलं काम सोडून आला आणि त्याच्या शेजारी बसला. मग दार उघडलं. जॅनली बाहेर आली, पांढऱ्या झग्यात, डोळ्यांवर हात धरून उन्हात कुणालातरी शोधत. थेन उठला.

तेवढ्यात फाटकाबाहेरून भोंगा वाजला.

"जॅनली ऑलर्टन! तुझा स्वतःचा बाप सांगतो, तू हरवलेली आहेस! त्याने माझ्यासमोर रडून सांगितलंय, तू अंधारात आहेस! विचार त्याला! तो बघ, तिथं उभा आहे!"

सगळ्या बागेने वळून पाहिलं. जॅनलीनेही पाहिलं.

"डॅडी, असं म्हणालास तू?"

त्या क्षणी एक खोटा शब्द पुरला असता. थेनला खोटं बोलता येत नव्हतं. "बाळा, मी प्रार्थनेत..." एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

मार्वाने मुलीच्या कमरेभोवती हात घातला. "चल. फोटो काढायचे आहेत."

थेन फाटकाकडे धावला, केस्लरच्या हातातला भोंगा हिसकावला आणि दगडी कठड्यावर आपटून फोडला. मग एक त्याच्या जबड्यावरही लगावली. पोलीस आले. बागेत फोटो निघाले तेव्हा थेन पोलिसांच्या गाडीत मागे बसलेला होता.

दुसऱ्या दिवशी केस्लर कोठारातून सामान घेऊन निघून गेला. पुढच्या रविवारी पाळक प्रुइट थेनला म्हणाले, "ब्रदर थेन, प्रभूच्या सेवकावर हात उचललास. मंडळीपुढे माफी माग."

"त्याने माझी प्रार्थना विकली," थेन म्हणाला.

"पण खोटं काय बोलला तो?"

थेनने टोपी उचलली आणि तो बाहेर पडला. तिथे तो परत गेला नाही. मॉर्मनांनी त्याला टाकलं होतं, आता ख्रिस्ती मंडळीही सुटली. थंडी पडायच्या आत मार्वा मुलीजवळ आयडाहोला राहायला गेली. जाताना तिने त्याचे शर्ट इस्त्री करून कपाटात लावून ठेवले.

पुढच्या जूनमध्ये तो पुन्हा कोपऱ्यावर उभा राहिला, एकटाच. एल्डन दुकान बंद करून आला. "अजून, थेन? अजूनही?"

"खोटं वाटलं असतं तर कधीच सोडलं असतं रे."

"आणि जॅनलीचं काय?"

थेनने हातातली पत्रकं सारखी केली, आणि तेवढ्यात फवारे सुरू झाले.

त्याच वर्षी पानगळीत जॅनलीचं पत्र आलं. मुलगी झाली होती. खाली लिहिलं होतं, 'बघायला यायचं तर ये. पण माझ्या घरात तिच्यासाठी प्रार्थना करायची नाही. मोठ्यानेही नाही, मनातही नाही. कबूल असेल तरच ये.'

उत्तर लिहायला त्याला तीन आठवडे लागले. शेवटी त्याने 'कबूल' एवढा एकच शब्द लिहून पाठवला आणि पाठोपाठ गाडी काढली.

जॅनलीने बाळ त्याच्या मांडीवर दिलं. लालबुंद, घट्ट मुठी आवळलेलं. तिने त्याला कॉफीही विचारली, मॉर्मनांना ती वर्ज्य आणि तिच्या घरात नसते तरी. मग ती समोरच्या खुर्चीत बसली आणि बोलता बोलता त्याच्या ओठांकडे बघत राहिली. ते हलतात का, ते बघत होती. थेनच्या ते लक्षात आलं. त्याने ओठ घट्ट मिटून घेतले आणि थोड्या वेळाने बाळाला घेऊन खिडकीकडे तोंड केलं.

दोन दिवस राहून तो निघाला. गाडीपर्यंत पोचवायला जॅनली आली. "शब्द पाळलास, डॅडी. थँक यू."

तो मान हलवून गाडीत बसला. खिडकीशी त्याने शब्द पाळला नव्हता. तिला ते सांगायची त्याची हिंमत झाली नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदाच खोटं पचवून तो एवढा लांबचा रस्ता गाडी चालवत गेला.