दगडाचा बांध

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर गॉलवे नावाचा जिल्हा आहे आणि त्याच नावाचं बंदर. तिथल्या इस्पितळात मी नर्स म्हणून लागले, तेव्हा धसईजवळच्या आमच्या गावात एकच बोंब झाली. पोरगी समुद्रापार गेली म्हणजे हातची गेली! बोलणाऱ्यांत माझा सख्खा काका सगळ्यात पुढे. बाबा मात्र फोनवर विचारायचे, "तिकडं भात लागतो का?"

"नाय हो बाबा. नुसतं गवत, मेंढ्या नि बटाटे. खारा वारा असा की छत्री उलटीच होते. आणि शेतांचे बांध सगळे दगडाचे. माती नाय, चुना नाय, दगडावर दगड, छातीएवढे."

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "मंग तुज्या काकाचं तिकडं कसं व्हायचं गो?"

काका दरवर्षी नांगरताना आमचा बांध कोरायचा. बाबा भांडून भांडून थकले होते. त्या दिवसापासून दर फोनला दगडाच्या बांधाची चौकशी. "आपन पन घालू एकदा," म्हणायचे.

घालायच्या आधीच गेले. मला रजा मिळाली ती तेराव्यानंतरची.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. मी रात्रपाळी उरकून गॉलवेच्या धक्क्यावर बसले होते, तेवढ्यात धाकट्या भावाने फोन लावला. कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्याची इच्छा राहिली. मग घरच्यांनी ती पुरी करायचा शब्द द्यायचा, आणि तो शब्द आमच्यात कोणी मोडत नाही.

काकाने भावाच्या हातातून फोन ओढला. "तुज्यात जीव अडकलाय त्याचा. बोल, नोकरी सोडून येते, लगीन करते. फोन पिंडाजवळ धरतो."

मागून आईचं रडणं ऐकू येत होतं. खरं सांगते, 'येते' हा शब्द ओठांवर आला होता. तो सुटला असता तर सगळं संपलंच होतं. आणि मग असा संताप आला! भावकीच्या नाकावर टिच्चून ज्या माणसाने मला एसटीत घालून नर्सिंगला नेलं, त्याचा जीव माझ्या परत येण्यात अडकेल?

समोर मासळीच्या बोटींवर पांढऱ्या पक्ष्यांचा गोंधळ चालला होता. त्यांच्याहून मोठ्याने मी ओरडले, "बाबा, मी येनार नाय! तुमीच धाडलंत ना? मी हितंच नोकरी करनार. आणि काकाच्या बाजूचा बांध दगडाचा घालनार, छातीएवढा. हा माजा शब्द!"

पलीकडून भावाची आरोळी आली, "शिवला! ताय, शिवला!"

भूक लागली असेल कावळ्याला, असं म्हणणारे म्हणोत. मी तिथे धक्क्यावर ढसाढसा रडले.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा सुट्टी घेऊन आले आणि बांध रचायला घेतला. काका शेतात येऊन उभा राहिला. "एवढा उंच कशाला गो?"

"बाबांना इचारा," मी म्हटलं आणि पुढचा दगड उचलला.