जाड भाकरीचे दिवस

बायकांच्या आजारांवर रंगनाथ आढाव दोन मिनिटं न थांबता बोलायचा. तेच त्याचं पोट होतं. कंपनी परदेशी. गोळ्या युरोपात शोधलेल्या, मुंबईत पाकिटात भरलेल्या. नगर जिल्ह्यातल्या डॉक्टरांपर्यंत त्या पोचवायच्या रंगनाथनं. एसटीनं, काळी बॅग मांडीवर घेऊन.

कोपरगाव, संगमनेर, नेवासा, सोनई. दवाखान्यात तो बाकड्याच्या टोकाला बसायचा. शेजारच्या बायका पदर सावरून सरकायच्या. आत बोलावलं की उभ्याउभ्या सुरू करायचा. पाळी सात दिवसांहून जास्त चालणं. महिन्यातून दोनदा येणं. चक्कर, धाप, पांढरी पडलेली नखं. मग गोळीचं नाव. मग रंगीत कागद. त्यावर एक गोरी बाई हसत असायची.

कंपनीला मराठी पत्रकही हवं होतं, रोग्यांना वाटायला. ते रंगनाथनंच लिहिलं. घरी, पाटावर वही ठेवून, दोन रविवार खपून. शेवटची ओळ त्याला फार आवडली होती. ‘संकोच करू नका, बोला.’

घर सावेडीला. दोन खोल्या, मागं पडवी, पलीकडं शेतं. घरात तिघं. तो, आई गोजरबाई आणि बायको भागिरथी. भागिरथी सोनईची, चौथी शिकलेली. लग्नाला सहा वर्षं झाली होती. मूल नव्हतं.

गोजरबाईचा नेम कडक होता. पाळी आली की सून मागच्या पडवीत, घोंगड्यावर. ताट, तांब्या वेगळा. चुलीला शिवायचं नाही. त्या दिवसांत घरातल्या पुरुषानं पडवीकडं बघायचं नाही. रंगनाथ बघत नसे. लहानपणापासून तो तसंच शिकला होता. न बघणं म्हणजे मर्यादा.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात मुंबईहून पत्र आलं. या गोळ्या जगभर खपतात, तुमच्याच जिल्ह्यात का नाही? पत्र खिशात घालून रंगनाथ सोनईला गेला. दुष्काळ होता. रस्त्याच्या कडेला बायका ओळीनं बसून खडी फोडत होत्या. त्या एसटीकडंही बघत नव्हत्या.

सोनईचे डॉक्टर दरंदले म्हातारे होते आणि तोंडाळ होते. त्यांनी रंगीत कागद हातात घेतला.

“काय आढाव, ही बाई दर महिन्याला हसतीच कशी? माझ्याकडं येणारी एकही हसत नाही.”

“डॉक्टरसाहेब, मुंबईवाले विचारतात, इथं खप का नाही?”

“इथल्या बायका सांगतात कुठं? ‘लई थकवा हाय’ म्हणतात. नवरा दारात उभा. त्याला विचारलं तर तो छताकडं बघतो.”

“मग तुम्हाला कळतं कसं?”

“मी पाळीचं नावच काढत नाही. म्हणतो, महिन्यात किती दिवस स्वयंपाक करत नाहीस गं? ते पटकन सांगतात. पाच म्हणाली तर घरी पाठवतो. बारा म्हणाली की नखं बघतो.” डॉक्टरांनी कागद परत केला. “हे तुझ्या कंपनीला लिहून कळव. त्यांच्या पुस्तकात नसेल.”

रंगनाथ हसला. चांगला किस्सा होता. मुंबईला सांगण्यासारखा.

परतीच्या एसटीत त्याला भूक लागली. भुकेनं भाकरी आठवली. त्या वर्षी रेशनवर लाल मिलो, परदेशातून आलेली ज्वारी, मिळायचा. त्याची भाकरी थापताना चिरते. गोजरबाई मग ती जाडच ठेवायची. मधे कच्ची राहायची. भागिरथी मात्र उकळत्या पाण्यात पीठ मळायची. तिची भाकरी पातळ यायची, फुगायची.

पातळ भाकरी आपण शेवटची कधी खाल्ली?

त्यानं आठवून बघितलं. काल जाड. परवा जाड. सोमवारी बाहेरगावी होतो. त्याआधीचा रविवार, आई चिरलेल्या भाकरीवर चिडली होती, तीही जाड. पाडव्यानंतर दोन-चार दिवस पातळ होती. मग पुन्हा जाड. खिडकीबाहेर घोडेगाव गेलं. जेऊर गेलं. रंगनाथ बोटांवर दिवस मोजत मागं मागं जात होता. दिवाळीपर्यंत गेला आणि थांबला. त्याच्या डोळ्यांनी काही पाहिलं नव्हतं. पण जिभेला सगळं माहीत होतं.

घरी आला तर आईनं ताट वाढलं. भाकरी जाड होती.

“आई, ती किती दिवस बाजूला आहे?”

गोजरबाईचा हात थांबला. “तुला रं कशाला बायकांची उठाठेव? जेव गप.”

“किती दिवस?”

“मी काय मोजीत बसलेय व्हय? तिचं हाय तसंच. आंगच कमजोर.”

तो ताटावरून उठला. पडवीच्या दाराशी गेला. भागिरथी भिंतीला टेकून बसली होती. त्याला बघून तिनं पदर पुढं ओढला.

“किती दिवस झाले?”

ती घोंगड्याची दशी ओढत राहिली.

“भागिरथी, किती दिवस?”

“अकरा.”

“हात दाखव.”

“आवो, शिवू नका. सासूबाई हायेत.”

त्यानं उंबरा ओलांडला. मागं गोजरबाई ओरडली, “रंग्या! लाज सोडली का रं?” त्यानं बायकोचा हात धरला. नखं दवाखान्याच्या चुन्यासारखी पांढरी होती. तो हात त्यानं दिवसाउजेडी पहिल्यांदाच धरला होता. हात गार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं तिला टांग्यातून मोठ्या दवाखान्यात नेलं. तपासून झाल्यावर डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांनी त्याला ओळखलं.

“आढाव, तुम्ही? मागच्या महिन्यात तर हे सगळं तुम्हीच मला सांगत होतात.”

तो उभा राहिला. तोंड उघडलं. तसंच मिटलं.

गर्भाच्या पिशवीत मोठी गाठ होती. रक्त तिसऱ्या हिश्शावर आलं होतं. गोळ्यांची वेळ टळून गेली होती. पिशवी काढावी लागेल, नाहीतर बाई हाती लागणार नाही, असं त्या म्हणाल्या. त्यानं सही केली. त्याचं रक्त तिला जुळलं. बाटली भरेपर्यंत तो छताकडं बघत होता. एकदम दरंदले डॉक्टर आठवले. त्यानं मान वळवली.

भागिरथी वाचली. चौथ्या दिवशी तिनं पाणी मागितलं. त्यानं चमच्यानं पाजलं.

“तू मला सांगितलं का नाहीस?” तो म्हणाला.

तिनं पदरानं ओठ पुसले.

“पाटावरला तुमचा कागद मी वाचला हुता. दोन साल झाली. सगळं माझंच लिव्हलं हुतं त्यात. मला वाटलं, तुमाला ठावं हाय. आज इचारत्याल, उद्या इचारत्याल.”

“मी बघत नव्हतो गं.”

“व्हय. मी बघायची. तुमी बॅग घेऊन निघायचा ते पडवीच्या दारातून दिसायचं.”

त्यानं चमचा खाली ठेवला.

टाके निघाल्यावर तिचा भाऊ कचरू तिला महिनाभरासाठी सोनईला घेऊन गेला. महिना झाला. पावसाळा झाला. गोजरबाई म्हणाली, आता कोपऱ्यात बसायचं कारणच उरलं न्हाई, आण तिला. रंगनाथनं दोन पत्रं लिहिली. उत्तर कचरूचं आलं. बहीण बरी आहे, एवढंच.

गोळ्यांचा खप मात्र वाढला. दरंदल्यांचा प्रश्न रंगनाथ आता प्रत्येक डॉक्टरला सांगायचा. मुंबईनं त्याचं कौतुक केलं. ते पत्र त्यानं कुणाला दाखवलं नाही. दाखवायला घरात आई होती, आणि ती वाचू शकत नव्हती.

दिवाळीनंतर सोनईचं काम उरकून तो सासुरवाडीला गेला. दुपार होती. कचरू रानात होता. भागिरथी चुलीपुढं होती. अंगानं भरली होती. तिनं पाट मांडला, तांब्या ठेवला.

“एक विचारू?” रंगनाथ म्हणाला.

“इचारा.”

घरी येशील का, एवढंच विचारायचं होतं. तो तिच्या हातांकडं बघत राहिला. नखं लाल होती. परातीत भाकरी फिरत होती, मोठी होत होती, कडेला कुठं चीर नव्हती. तव्यावर ती फुगली. भागिरथीनं ती त्याच्या ताटात टाकली.

त्याला शब्द सापडत नाहीत हे तिनं ओळखलं. पुढचा गोळा तिनं हातात घेतला, पण थापला नाही.

“खा आधी,” ती म्हणाली. “गार व्हईल.”

त्यानं खाल्ली. न विचारताच त्यानं चारची एसटी पकडली. बॅग मांडीवर होती. घरी आई जाड भाकरी झाकून वाट बघत असणार होती.