तुमच्यात याचीच गरज आहे

ग्रंथपालानं दोन पातळ पुस्तिका टेबलावर टाकल्या. आबांना दारूच्या दुष्परिणामांची. मला स्वच्छतेच्या सवयींची.

"हे ने. तुमच्यात याचीच गरज आहे."

आबा म्हणजे माझे वडील. माळेगावला साखर कारखान्यात कामाला. त्या माणसानं दारूचा थेंब कधी तोंडाला लावला नव्हता. आणि मला त्या दिवशी आईनं डोकं धुऊन, तेल लावून, घट्ट वेण्या घालून पाठवलं होतं. सातवीत होते मी. बारामतीच्या वाचनालयात पहिल्यांदा जायचं, त्याचं केवढं अप्रूप!

वाचनालयाच्या दारात एक फळा होता. 'लहानथोरांनी वाचावीत अशी पुस्तके.' आबांनी त्यातली दोन नावं आधीच कागदावर उतरवून घेतली होती. त्यांच्यासाठी एक जाड कादंबरी, माझ्यासाठी समुद्रप्रवासाची गोष्ट. समुद्र आम्ही दोघांनीही पाहिला नव्हता. आबांनी तो कागद पुढे धरला. ग्रंथपालानं तो वाचलाच नाही. अर्जावरचं आमचं आडनाव आणि वस्तीचं नाव मात्र नीट वाचलं.

आमच्या पुढे उभ्या असलेल्या बाईंना त्यानंच हसून विचारलं होतं, "काय वाचायला आवडेल, वहिनी?"

आबांनी मला सायकलवर मागे बसवून जळोचीला, आमच्या वस्तीवर, आणलं. घरी आल्यावर त्यांनी आपल्या दारूवरच्या पुस्तिकेला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं. मग दारात बसून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचून काढली.

आई म्हणाली, "तुमी कशापायी वाचताय ह्ये?"

"पुस्तक हाय. न वाचता कसं माघारी द्यायचं?"

मला रडू फुटलं.

पुढच्या सुट्टीला परत गेलो. पुन्हा तेच. आता आबांना कुटुंबनियोजन, मला खरूज-नायटा. आबांनी घ्यायला हात पुढे केला. तो हात मला बघवला नाही. मी दोन्ही पुस्तिका उचलल्या आणि ग्रंथपालापुढं परत ठेवल्या.

"ही नकोत. फळ्यावरची द्या."

"ती तुला झेपायची नाहीत."

"मग फळ्यावर तसं लिहा. कुणी वाचायची, कुणी नाही, नावं घालून लिहा."

पेपर वाचणाऱ्यांनी माना वर केल्या. मग पुन्हा पेपरात घातल्या. ग्रंथपालानं रजिस्टर मिटलं. आबांनी दंडाला धरून मला बाहेर आणलं. वाटलं, आता रागावणार.

"माझं ऱ्हाऊ दे, बाय. तू सोडू नगंस."

त्या पायऱ्या ते पुन्हा चढले नाहीत. ती कादंबरी न वाचताच गेले. पुढे ती माझ्या हातात आली, पण तोवर ज्यांना वाचून दाखवावी ते आबा नव्हते. ही उणीव कशानं भरून येत नाही, आणि यावी असं मला वाटतही नाही.

आता मी इंदापूर तालुक्यात शिक्षिका आहे. शाळेचं पुस्तकांचं कपाट माझ्या ताब्यात आहे. परवा एक गुरुजी म्हणाले, "बाई, ऊसतोड्यांच्या पोरांना गोष्टींची पुस्तकं कशाला? फाडतील. अंकलिपी बास झाली त्यांना."

मी कपाट सताड उघडलं आणि त्याच पोरांना आधी बोलावलं. फाटली तर चिकटवू. पण पोर कुठल्या घरातलं हे बघून त्याचं पुस्तक ठरवणाऱ्याला मी या कपाटाजवळ उभं राहू देणार नाही. मग तो माझा साहेब का असेना.