कूलरचा सा

खरं म्हणजे हा लेख लिहिण्याचा अधिकार माझा नाही. वानखडे सरांसोबत मैफलींत बसलेले तबलजी आहेत, मोठ्या शहरांतले त्यांचे जुने शिष्य आहेत. सरांच्या व्हायोलिनबद्दल नेमके शब्द त्यांना सुचतील. मी मेडशीचा. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच मुलगा, आणि माझी करंगळी अजून तारेवर नीट पडत नाही. चुकलंमाकलं तर वाचकांनी सांभाळून घ्यावं. अशा लेखाची सुरुवात बातमीने करतात, हे मला माहीत आहे. पण मला ती बातमी उशिरा मिळाली... इथेही तिला उशिराच येऊ द्या.

सर मूळ मेडशीचेच. वर्षभर ते बाहेर असायचे. गायकांना साथ करायची, कधी एकट्याचा कार्यक्रम, कधी रेडिओवर वादन. पण शाळेच्या परीक्षा संपल्या की ते व्हायोलिनच्या पेट्या घेऊन एसटीने गावात यायचे आणि विहाराच्या बाजूच्या समाजमंदिरात आमचा उन्हाळी वर्ग सुरू व्हायचा. एकदा कंडक्टरने पेट्यांकडे बघून विचारलं, "याच्यात काय हाय, सर?" सर म्हणाले, "झोपलेले लेकरं हायत. हळू ठेवजो." स्टेजवर सरांची भाषा एकदम शुद्ध असायची. वर्गात शिरले की ते पुन्हा आमच्यासारखं बोलायचे.

आमच्याकडच्या कोरड्या उन्हात व्हायोलिनच्या खुंट्या आकसतात आणि लावलेली तार आपोआप सुटते. सर फळ्याचा खडू खुंट्यांना घासायचे, तरी त्या घसरायच्याच. म्हणून त्यांनी पत्र्याचा मोठा कूलर आणला. "हा तुमच्यासाठी नाही, व्हायोलिनसाठी हाय," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "तुमी फुकटात हवा खाऊन राह्यले." पुढच्या वर्षी तंबोऱ्याचं यंत्र बिघडलं. सर डोळे मिटून थोडा वेळ कूलरची घरघर ऐकत बसले आणि म्हणाले, "हाच आपला सा." तेव्हापासून आम्ही सगळे कूलरला धरून व्हायोलिन लावू लागलो. व्होल्टेज कमी झालं की घरघर जड व्हायची आणि आमचा सा पण उतरायचा. "आज लाइटवाल्यांनी पट्टी खाली घेतली रे," असं म्हणून सर गंभीरपणे खुंट्या पिळायचे.

माझ्या बाबांना हे काहीच पसंत नव्हतं. "हे रडकं वाद्य कायले पाह्यजे तुले?" असं ते म्हणायचे. एका दुपारी ते मला शेतात न्यायला वर्गात आले. बाहेर ऊन मरणाचं. जरा टेकतो म्हणून कूलरसमोर बसले आणि भिंतीला डोकं लावून झोपून गेले. माझा जीव अर्धा झाला. सर मात्र सगळ्यांना खुणेने म्हणाले, "हळू वाजवा. मैफलीत एवढी गाढ दाद मले आजपर्यंत कोणी देल्ली नाही." बाबा जागे झाले तेव्हा सरांनी त्यांच्या हातात बादली दिली. "भाऊ, कूलरमंधी पाणी सरलं." दुसऱ्या दिवसापासून बाबा रोज येऊ लागले. आई चिडवायची तर म्हणायचे, "मी काही गाणंबजावणं आयकाले जात नाही. पाणी भराले जातो."

मग आमचा पहिला बाहेरचा कार्यक्रम वाशीमला ठरला. एसी हॉल, मऊ खुर्च्या, पुढच्या रांगेत साहेब लोक. आम्ही मांडी घालून बसलो, व्हायोलिनचं टोक पायाच्या घोट्यावर टेकवलं, गज उचलले... आणि कोणीच सुरू करेना. मोबाइलवर तंबोरा चालू होता, पण आमच्या कानांना तो ओळखीचाच वाटेना. आमच्यातली सगळ्यात लहान, पाचवीतली प्रतीक्षा, माइकसमोर बसली होती. तिने मोठ्याने विचारलं, "सर, कूलर कुठी हाय?" सगळा हॉल हसला. सर हसले नाहीत. त्यांनी मोबाइल बंद केला, माइक जवळ ओढला आणि ओठ मिटून कूलरसारखी घरघर काढली, अगदी आमच्या खोलीतल्यासारखी. सगळे गज एकदम तारेवर आले. आमचा भूप राग संपेपर्यंत सर तशीच घरघर धरून होते, मध्ये फक्त श्वास घेत. नंतर एका गृहस्थांनी आदराने विचारलं, "ही कोणत्या घराण्याची पद्धत?" सर म्हणाले, "मेडशी घराणं. फक्त उन्हाळ्यात चालतं."

त्याच वर्षी बुद्धपौर्णिमेला संध्याकाळी विहारासमोर सर स्वतः वाजवायला बसले आणि लाइट गेली. माइक बंद. सर स्टेजवरून उतरले, सतरंजीवर बायांच्या मधोमध येऊन बसले आणि यमनचा आलाप सुरू केला. त्यांचं काम खूप हळू असायचं. एका सुरावर इतका वेळ थांबायचे की आता पुढचा येणार की नाही, असं वाटून आपण जरा पुढे झुकतो. वहीच्या पुठ्ठ्याने वारा घेणाऱ्या बायांचे हात एकेक करून थांबले. लाइट आली तेव्हा बाजूच्या खोलीत चालू राहिलेला कूलर घरघरला. सरांनी गज थांबवला. "आले आमचे तंबोरेवाले, उशिरा," ते म्हणाले, आणि मग लोकांना टाळ्या वाजवायचं आठवलं.

आमची शेवटची भेट या थंडीत झाली, वाशीमला त्यांच्या बहिणीच्या घरी. आजारपणाने हात बारीक झाला होता. स्वतःबद्दल ते काहीच बोलले नाहीत. त्यांना काळजी होती वर्गाची. "एक उन्हाळा खोली बंद राह्यली की पोरं पांगतात. मंग परत येत नाहीत. म्या लई गावात पाह्यलं. अवंदा मी नसलो तं तू बसजो." मी म्हणालो, "सर, मलेच अजून येत नाही." ते म्हणाले, "तुले येते असं कोण म्हन्लं? खोली उघडजो, कूलर लावजो. बाकीचं पोरं पाहून घेतीन." मी हो म्हणालो. पण माझी कॉलेजची परीक्षा अमरावतीला, आणि यंदा नेमकी वर्गाच्या पहिल्या आठवड्यापर्यंत लांबलेली. पहिल्या दिवशी खोली उघडेल की नाही, हा घोर पेपर लिहितानाही डोक्यात होता. घरी फोन केला की बाबा म्हणायचे, "तू पेपर पाय," आणि ठेवून द्यायचे.

शेवटचा पेपर देऊन बाहेर आलो तर बाबांचा फोन आला.

"झाला का पेपर?"

"झाला."

मग बाबा म्हणाले, "सर गेले बापा. मागच्या आठवड्यातच... तुले पेपर सरेपर्यंत सांगायचं नाही, असं त्यायनंच बहिणीजवळ सांगून ठेवलं होतं."

मी कॉलेजच्या पायरीवर बसलो. शेवटी तेवढंच विचारता आलं... "बाबा, वर्ग?"

"थांब," ते म्हणाले.

फोनमध्ये आधी चपलांचा आवाज आला, मग दार ढकलल्याचा. मग ती घरघर. व्होल्टेज कमी असावं, जरा जडच होती. आणि तिच्यावर एकेक करून सा येऊ लागले, कोणाचा चढलेला, कोणाचा उतरलेला, खुंट्या करकरत होत्या, आणि प्रतीक्षा कोणाला तरी दटावत होती, "अजून खाली घे ना, कूलर आयकू येत नाही काय तुले?"

"आयकू आलं?" बाबांनी विचारलं. "सोमवारपासून चालू हाय. तू ये आरामानं. पाणी मी भरून राह्यलो."