डबा संपवला, शांत झोपली

आमच्या बालवाडीला बालवाडी म्हटलेलं मॅडमना खपत नसे. बालवाडी म्हणजे सरकारी, खिचडीवाली. आमची ती नर्सरी. मालवणच्या जरा बाहेर, रस्त्याला लागून असलेल्या एका नव्या बंगल्याचा तळमजला, भिंतींवर जिराफ आणि पेंग्विन, दारात ढगाच्या आकाराचं पायपुसणं. ह्या किनाऱ्यावरच्या पोरांनी पेंग्विन बघून काय करायचं, असं मी सुरुवातीला एकदा विचारलं होतं. मॅडम म्हणाल्या, "एक्स्पोजर." त्यानंतर मी काही विचारायच्या भानगडीत पडले नाही.

मॅडम म्हणजे नर्सरीच्या मालकीणबाई. जन्माने इथल्याच, पण लग्नानंतर बरीच वर्षं मुंबईत काढून परत आलेल्या. "आपल्या लोकांना ना, मुलं वाढवता येत नाहीत," हे त्या दर पालकसभेत सांगत, आणि आपले लोक समोर बसून माना डोलावत. होमस्टेवाले, बँकेतले, नवरा बोटीवर असलेल्या बायका, सगळे. आपल्याला पोरं वाढवता येत नाहीत हे ऐकायला माणसं इस्त्रीचे कपडे घालून येतात, हे मी तिथेच पाहिलं.

आठवड्याचं वेळापत्रक दारावर लावलेलं असे. सोमवारी रंगदिन. लाल म्हटला की पोरं लाल कपड्यांत, डब्यात बीट, आणि बीट न खाणाऱ्या पोरांच्या लाल झालेल्या हनुवट्या. मंगळवारी कठपुतळीची गोष्ट. पिंगुळी जवळच, तिथे घराघरांत बाहुल्या नाचवणारी माणसं, पण आमच्याकडे कुरिअरने आलेलं अस्वल हातमोज्यासारखं चढवून मी त्याला बर्फात फिरवत असे. बुधवारी सँड प्ले. मागच्या माडांतून समुद्र दिसत होता, पुळण हाकेच्या अंतरावर होती, आणि आमची पोरं प्लास्टिकच्या ट्रेमध्ये विकत आणलेल्या निळ्या वाळूत चमचे खुपसत होती. खरी वाळू म्हणे स्वच्छ नसते. गुरुवारी हेल्दी टिफिन, म्हणजे मोड आलेले मूग. मासे वर्षभर बंद, कारण वास येतो. शुक्रवारी केअर डे. त्या दिवशी पोरं बाहुलीला आंघोळ घालत, तिला झोपवत, आणि मॅडम त्याचे फोटो काढत. खरोखरची पोरं धुणारी, पुसणारी, झोपवणारी मावशी फोटोत आली तर मॅडम तो फोटो कापून घेत.

मावशी साठीकडे झुकलेली, जवळच्याच वाडीतली, एकटी बाई. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. कुठल्या पोराला कुठल्या कुशीवर झोप लागते, कोणाला शू लागली की ते कान ओढतं, कोण खोटं रडतं आणि कोणाचं खरंच पोट दुखतं, हे तिला ठाऊक असे. मला ठाऊक नसे. मी डिप्लोमावाली बाई. माझं काम निराळं होतं.

माझं काम म्हणजे अहवाल. रोज दुपारी एक वाजता प्रत्येक पालकाच्या मोबाईलवर नर्सरीच्या ॲपमधून निरोप जाई: आज काय केलं, किती जेवली, कशी झोपली. मला शब्द बरे जुळतात, म्हणून हे माझ्याकडे आलं. सुरुवातीला मी रोज पोरांकडे बघून लिहीत असे. मग लक्षात आलं की वेळापत्रक ठरलेलं, पालकांना हवं ते ठरलेलं, आणि "आज तिने डबा तसाच परत नेला" असं लिहिलं की मॅडमच्या कपाळाला आठ्या पडतात. "पालकांना टेन्शन देऊ नका," असा त्यांचा नियम. मग मी शनिवारी दुपारी बसून पुढच्या पूर्ण आठवड्याचे निरोप लिहून ठेवायला लागले. ॲपमध्ये दिवस आणि वेळ घालून ठेवली की ते आपोआप जात. सोमवारी लाल रंग ओळखला, बुधवारी वाळूत रमली, डबा संपवला, शांत झोपली. पोरं अजून घरी खेळत असत आणि त्यांचा पुढला बुधवार माझ्या मोबाईलमध्ये झोपून उठलेला असे. मी हसत असे ह्यावर. हे निरोप वाचून डोळे पुसणाऱ्या आयांना मी मनातल्या मनात येडपट म्हणत असे.

त्यात एक कोळीण आली. बाजारात पाटी लावून मासे विकणारी, नवरा होडीवर, तीन वर्षांची एकच मुलगी. आल्या आल्या तिने मला सरळ सांगितलं, "बाई, ह्या माझ्याशिवाय कोणाकडे जेवणा नाय. हंय जेवला तरच मी बाजारात बसान. नायतर माका पाटी सोडूची लागतली." मॅडमनी तिच्या पायांतल्या ओल्या चपलांकडे पाहिलं आणि गोड हसून तिला पायपुसण्याचा उपयोग समजावून सांगितला.

पोरगी अंगाने काडी. पहिले तीन दिवस तिने ओठ मिटले ते उघडलेच नाहीत. मी चमचा विमानासारखा फिरवून पाहिला, अस्वल आणून पाहिलं. चौथ्या दिवशी मावशी तिला घेऊन मागच्या दारात पायरीवर बसली. मी दारातून डोकावले तर ताटलीच्या कडेने भाताचे बारके गोळे मांडलेले, एक कावळ्याचा, एक मांजराचा, एक बापाशीच्या होडीचा, आणि पोरगी आपल्या हाताने होडी उचलून तोंडात घालत होती. भातात मावशीने घरून पदराच्या गाठीत बांधून आणलेली सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, चटणी. नियमाबाहेरची. मी बघितलं न बघितलंसं केलं. जेवून झाल्यावर पोरीने मावशीच्या लुगड्याचा पदर मुठीत धरला आणि झोपली. त्या दिवसापासून रोज तसंच.

म्हणजे माझे निरोप खरे ठरत होते, ते मावशीच्या पदरातल्या चटणीवर. कोळीण ते बाजारात बसून वाचायची. तिला अक्षर जुळवायला वेळ लागे, म्हणून मोठ्याने वाचायची, आणि आजूबाजूच्या बायका मासे कापता कापता ऐकायच्या. हे मला तिनेच सांगितलं. "बाई, तुमी किती बरां लिवतास," असंही म्हणाली. मी मान तुकवली. लाज वगैरे वाटली नाही.

मग एका बुधवारी दुपारी कोळीण दारात उभी राहिली. पोरगी तिच्या खांद्यावर, गाल तापाने लाल, डोळे अर्धवट मिटलेले. डॉक्टरांकडून येत होती. दुसऱ्या हातात मोबाईल. पायपुसण्यावर तिने पाय ठेवला नाही, सरळ आत आली.

"बाई, ह्या आज हंय इलाच नाय," ती म्हणाली. "सकाळपासून माझ्या खांद्यार आसा. मगे वाळूत खेळला कोण? डबो खाल्लो कोणी?"

ती ओरडली नव्हती. खरंच विचारत होती. शनिवारी लिहून ठेवलेला निरोप एक वाजता आपोआप गेला होता, आणि सकाळी पोरगी आली नाही हे पाहूनही तो काढून टाकायचं मला सुचलं नव्हतं. मी हजेरीवर गैरहजर लिहिलं होतं, तेही नीट अक्षरात.

मॅडम ऑफिसमधून बाहेर आल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांना सगळं कळलं, कारण शनिवारची पद्धत त्यांना माहीत होती. मग त्या कोळणीकडे वळल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "नोंदी मावशी सांगतात तशा होतात. त्यांना वाचता येत नाही, नावांत घोळ होतो. हल्ली त्यांचं लक्षही नसतं."

मावशी एका पोराचं नाक पुसत होती. तिने ते पुसून पूर्ण केलं आणि माझ्याकडे पाहिलं. मला बोलायला भरपूर वेळ होता. एक वाक्य पुरलं असतं. मी निळ्या वाळूचा ट्रे उचलला, त्यातले चमचे गोळा केले आणि मूग गिळून उभी राहिले. का, तर माझ्याकडे डिप्लोमा होता, लोक मला बाई म्हणत होते, आणि उद्यापासून मला कोणी बाई म्हणालं नसतं. मॅडमना मी आजवर इतकी नावं ठेवली आहेत, पण त्या दिवशी त्या खोटं बोलल्या ते निदान स्वतःच्या तोंडाने. माझ्यात तेवढाही दम नव्हता. मावशीला संध्याकाळी सांगण्यात आलं की उद्यापासून येऊ नका. शुक्रवारी केअर डे ठरल्याप्रमाणे झाला.

ताप उतरल्यावर कोळणीने पोरीला परत आणून सोडलं. दुसरीकडे ठेवायची सोय नव्हती तिला. पोरीने मागच्या दारापर्यंत जाऊन पाहिलं, पायरी पाहिली, आणि माझ्याकडे येऊन विचारलं, "मावशी खंय आसा?" मी म्हटलं, येईल हं. मी भाताचे गोळे करून पाहिले. माझे गोळे मोठे झाले, फुटले. होडी कुठली, मांजर कुठलं, मला सांगता येईना. तिने तोंड फिरवलं. दुपारी ती गादीवर उघड्या डोळ्यांनी पडून राही आणि चादरीचं टोक धरून बघे, सोडून देई, पुन्हा धरे.

ह्यानंतर मी निरोप आधी लिहून ठेवणं बंद केलं. रोजच्या रोज लिहायला लागले. पण लिहीत काय होते? थोडं जेवली. थोडी झोपली. आठवड्याचं खोटं मी आता रोज ताजं करून देत होते, एवढीच सुधारणा. कोळीण रोज बाजारात बसत होती.

पंधरा दिवसांनी मी सुंगटं घ्यायला बाजारात गेले. कोळणीची नजर चुकवून पलीकडच्या रांगेला गेले, तर तिथे मावशी. हातात पिशवी, लुगडं तेच. मला वाटलं आता चार बायकांदेखत माझी लक्तरं निघणार, आणि निघायलाच हवी होती. ती जवळ आली. नोकरीबद्दल एक शब्द काढला नाही.

"बाई, ता चेडू जेवता मां?"

"जेवता," मी म्हटलं. "बरां जेवता."

हे माझ्या तोंडून इतकं सहज निघालं, की मला स्वतःचीच किळस आली. मावशी माझ्या तोंडाकडे बघत राहिली. पोरं खोटं रडतात तेव्हा ती अशीच बघायची.

"तुमी लिवतास ता माका वाचूक येणा नाय," ती म्हणाली. "माका तरी खरां सांगा."

मग मी सांगितलं. मालवणीतच सांगितलं, हळू आवाजात, कारण कोळीण दोन रांगा सोडून बसली होती. जेवणा नाय. झोपणा नाय. पायरेर जावन बसता.

मी वाट बघत होते की ती आता मला शिव्या घालेल, मॅडमला घालेल, रडेल. तिने पिशवी खाली ठेवली. तिला खरंच काही समजत नव्हतं, असा तिचा चेहरा झाला.

"मगे तुमी थंय करतास काय?" तिने विचारलं.

मावशीने पिशवी उचलली, मला बाजूला सारलं आणि दोन रांगा ओलांडून कोळणीच्या पाटीकडे चालू लागली.