ताईचा गीझर

आळीत त्याला कुणी नावाने हाक मारत नसे. वॉशिंग मशीन अडलं, फ्रिज रुसला, गीझरच्या इवल्या पडद्यावर लाल अक्षरं लुकलुकू लागली, की लोक म्हणत, बंदचालूला फोन लावा. कारण फोन उचलताच, नमस्कार-चमत्कार व्हायच्या आधीच, तो सांगून मोकळा व्हायचा की बंद करा, थोडं थांबा, मग चालू करा. निम्मे आजार तेवढ्यावरच बरे होत. उरलेल्यांसाठी तो पिशवी खांद्याला अडकवून निघायचा.

माणूस भला, पण तोंडाने फटकळ, आणि पडद्यावर बिघाडाचे कोड दाखवणाऱ्या यंत्रांवर त्याचा मनापासून राग. जुनी यंत्रं बंद पडायची, विषय संपायचा. ही नवी ऊठसूट तक्रार करतात, असं त्याचं म्हणणं. पाणी कमी आलं, कोड. दार नीट लागलं नाही, कोड. गॅस गीझरचा धुराचा कोड तर त्याच्या मते शुद्ध कांगावा. धूर बाहेर जातोय की नाही हे पाहणारा एक बारका स्विच असतो. तोच बिघडतो आणि धडधाकट गीझर बंद बसतो. म्हणून तो नेहमीची युक्ती करायचा. स्विचच्या दोन तारा काढून एकमेकींना जोडायच्या. गीझर पेटला की समजायचं, स्विच मेला. मग नवा बसवायचा.

ताईच्या स्वयंपाकघरातल्या गीझरला त्याने तेच केलं होतं, फक्त नवा स्विच बसवायचा राहिला होता. ताई म्हणजे थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच त्याला लहानाचं मोठं केलं होतं. आता ती एकटी राहायची आणि लोकांचे पडदे शिवायची. दुसऱ्या कामाला जाताजाता तो पायातले बूटही न काढता तिच्याकडे शिरला, तारा जोडून वर चिकटपट्टी गुंडाळली, आणि गीझर भक्कन पेटला. रविवारी येऊन नवा स्विच टाकतो म्हणाला. रविवार आले आणि गेले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. परक्यांच्या घरी धावणारा हा गडी सख्ख्या बहिणीला मात्र फोनवरच वाटाण्याच्या अक्षता लावायचा.

त्या दिवशी तिचा फोन आला तेव्हा तो एका शिक्षिकेच्या घरी स्टुलावर चढलेला होता. ताई म्हणाली, पाणी छान तापतंय, पण हल्ली भांडी घासायला उभी राहिले की डोकं फार दुखतं, मळमळतं. त्याने फोन खांद्यात दाबून सांगितलं, चष्म्याचा नंबर तपासून घे, दिवसभर सुईत डोळे घालून बसतेस. ताईचं काही ना काही सारखंच दुखायचं. रोज मरे त्याला कोण रडे? फोन ठेवून तो कामाला लागला.

शिक्षिकेच्या गीझरलाही धुराचाच कोड होता. त्याने तारा जोडून पाहिल्या, गीझर पेटला. स्विच मेलाय, असं जाहीर करून त्याने पिशवीतला कोरा स्विच बसवला. कोड पुन्हा आला. आणखी एक कोरा बसवला, तरी तोच कोड. त्याने यंत्राचा यथेच्छ उद्धार केला आणि शेवटी, दुसरं काही सुचेना म्हणून, धुराचा पाइप भिंतीतून ओढून काढला. आत काड्या, पिसं, चिंध्या गच्च भरलेल्या. पाखराने घरटं केलं होतं. धूर बाहेर जातच नव्हता. मेलेला म्हणून त्याने फेकलेला स्विच पहिल्यापासून खरं सांगत होता.

शिक्षिका हसून म्हणाली, बरं झालं सापडलं. त्याला मात्र ताईचा गीझर आठवला. ताईचा पाइप त्याने कधी उघडून पाहिलाच नव्हता. कोंडलेल्या धुरातल्या विषाला वास नसतो, आधी डोकं दुखतं, मग मळमळतं, हे तोच गिऱ्हाइकांना खिडकी उघडी ठेवा म्हणताना बजावत असे.

त्याने ताईला फोन लावला. तो नुसता वाजत राहिला. पिशवी तिथेच टाकून तो स्कूटरवर बसला. सिग्नलला थांबावं लागलं तेव्हा तो मोठमोठ्याने "उचल गं, उचल" म्हणत होता आणि शेजारची माणसं त्याच्याकडे बघत होती.

किल्ली शेजारणीकडे असायची, म्हणून दार लगेच उघडलं. ताई बेसिनपाशी जमिनीवर पडली होती. गरम पाण्याचा नळ वाहत होता आणि थंडी म्हणून खिडकी घट्ट लावलेली होती. त्याने गॅस बंद केला, खिडकी उघडली आणि तिच्या काखेत हात घालून तिला ओढत जिन्यात आणलं. तिचा श्वास चालू होता.

संध्याकाळी हॉस्पिटलात ती नीट शुद्धीवर आली. तोवर शेजारणीने सगळ्या वॉर्डाला सांगून टाकलं होतं की भाऊ असावा तर असा, कसा वेळेवर धावत आला. ताईनेही तोंडावरचा मास्क बाजूला करून नर्सला कौतुकाने सांगितलं, हा यंत्रांतला मोठा जाणकार आहे, माझा गीझरही यानेच दुरुस्त केलाय. नर्स हसून पुढच्या खाटेकडे गेली, शेजारीण चहा आणायला उठली. आता गप्प बसलं असतं तरी निभावलं असतं. घरी जाऊन त्या तारा सोडवल्या की कुणाला कळणारही नव्हतं. पण ते कौतुक त्याला सोसवेना.

"दुरुस्त नव्हता केला, ताई," तो म्हणाला. "त्याचं तोंड बंद केलं होतं. धूर कोंडतोय हेच तो सांगत होता. मला वाटलं, उगाच कुरकुरतोय."

ताईने त्याच्याकडे मान वळवली. ती चिडेल, लहानपणी द्यायची तशी एक ठेवून देईल, असं त्याला वाटलं. तिने तसं केलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

"गीझरचं जाऊ दे," ती हळूच म्हणाली. "यंत्रच ते. पण माझं डोकं दुखतंय हे मी सांगितलं होतं रे तुला."

त्याने तिचा मास्क सारखा केला आणि मान खाली घालून तो तिच्या उशाशी बसून राहिला.