आत्याचं गवत

माझी आत्या टेनिस बघायला बसली की गॅसवरचा कुकर बंद व्हायचा. शिट्टी होऊ नये म्हणून. भात कच्चा राहिला तरी चालेल, पण तिकडे लंडनच्या गवतावर एखादी पोरगी चेंडू वर उडवत असताना इकडे सोलापूरजवळच्या आमच्या कुंभारीत शिट्टी वाजलेली तिला खपायची नाही. "ती मारायलीय तर गप बसावं की मानसानं," असं तिचं म्हणणं. ज्यांना हसायचंय त्यांनी इथेच हसून घ्यावं. पुढे मला हसणारं तोंड नको. त्या हसण्याचा राग आला म्हणूनच हे लिहायला बसले आहे.

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. आमचं मूळ घर माळावरचं, मेंढरांमागे फिरणारं. लग्न होऊन ती सोलापूरकडे आली आणि नवरा गेल्यावर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात लागली. कडा शिवायच्या, घड्या घालायच्या. मी कॉलेजसाठी तिच्याकडे राहायला होते, तेव्हाची गोष्ट. जुलै महिना होता. कामावरून येऊन ती टीव्हीवर मालिका शोधत होती, आणि मध्येच ते हिरवंगार मैदान लागलं. आत्या थबकलीच.

"एवढं गवात, आन् एक मेंढरू न्हाय! कुणाचं गं हे? चरू देत न्हाईत व्हय?"

"आत्या, ते खेळायचं गवत आहे."

"खेळायचं?" तिला खराच राग आला. उन्हाळ्यात मूठभर चाऱ्यासाठी कोस कोस चाललेली बाई ती. पण रागारागाने बघत बसली ती बसलीच. पुढे दर जुलैला मला विचारायची, "गवात लागलं का गं?"

बघायची तिची रीत ठरलेली. कारखान्यातून आणलेला एक बाद टॉवेल चौघडी करून जमिनीवर टाकायचा, पदर खोचायचा, आणि ताठ बसायचं. आडवं पडून बघितलेलं तिला चालत नसे. "ती दोगी उन्हात पळायल्यात आन् तू लोळतीस?" चहा करायचा तो खेळाडू बाजू बदलताना बसतील तेवढ्यातच. गुणांची पद्धत मात्र तिने शेवटपर्यंत मान्य केली नाही. "पंधरा, तीस, मग पंचेचाळीस की! चाळीस कसं? वरचं पाच कुणी खाल्लं?" मी पुस्तकी उत्तर द्यायला गेले, तर म्हणाली, "तू नगं सांगू. खानाऱ्याला इचार."

तिचा सगळ्यात मोठा संताप टॉवेलवरून. त्या वेळी दोन चेंडू खेळून झाले की खेळाडू नुसती बोटं हलवायचे, आणि चेंडू उचलणारी लहान पोरं घामाने भिजलेला टॉवेल घेऊन धावायची. तोंड पुसून झालं की टॉवेल त्यांच्याच अंगावर. दिवसभर टॉवेलांच्या घड्या घालून आलेली आत्या टीव्हीसमोर बोट नाचवून ओरडायची, "घाम तुजा, टॉवेल तू उचल! हात मोडलाय का?" आमच्या घरांच्या ओळीत चार घरांना ऐकू जायचं. करोनानंतर खेळाडूंनी आपापला टॉवेल आपणच घ्यायचा अशी पद्धत आली. आत्याने माझ्याकडे असं बघितलं, की बस. "ऐकलं बघ. लई दिस लागलं, पन ऐकलं." ते कशामुळे झालं हे मला माहीत होतं. मी सांगितलं नाही. कशाला सांगू?

आणखी एक गोष्ट तिने टीव्हीवरूनच उचलली. तिकडे उशिरा आलेल्या माणसांना डाव चालू असताना आत सोडत नाहीत, खेळाडू बाजू बदलेपर्यंत पायऱ्यांवर थांबवतात. आत्याने हा कायदा कुंभारीत लागू केला. आमच्या ओळीत दिवसा दार कुणी लावत नाही. लावलं तर घरात कोण आजारी आहे म्हणून शेजारीण चौकशीला येते. पण स्पर्धेच्या त्या पंधरा दिवसांत येणाऱ्याने उंबऱ्याबाहेर थांबायचं. सिलिंडरवाला खांद्यावर सिलिंडर घेऊन थांबलेला मी बघितलाय. "बाजू बदलली की सोडते," आत्या सांगायची. आणि लोक थांबायचे.

मला तिने हाच कायदा लावला. मी परीक्षेचं वाचत असले की ती उंबऱ्यावर आडवी बसायची. पाहुणे असोत, भिशीच्या बायका असोत, "पोरगी वाचायलीय, जरा थांबा." आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी मिरवते, आणि का मिरवू नये? पण त्या उंबऱ्यावर कोण बसलं होतं तेही सांगते.

आता तो प्रकार. दोन वर्षांपूर्वी एका सामन्यात हरायला लागलेल्या पोरीने रॅकेट जमिनीवर आपटली. आत्या उसळली. "ए बाय, बॅट कशाला आपटतीस? तिनं काय केलं तुजं? खाली बस, पानी पी, मंग मार!" हे तिच्याच मुलाने, महेशने, मागून मोबाइलवर घेतलं आणि खाली हसून लोळणारी तोंडं लावून टाकलं. 'आमची टेनिसतज्ज्ञ.' आठ दिवसांत ते गावभर झालं. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत सुपरवायझरने सगळ्यांसमोर लावून दाखवलं. सायकल स्टँडवर पोरं विचारायला लागली, "काय आत्या, आज पंचाला काय सांगितलं?"

मी महेशला फोन केला. तो म्हणाला, "त्यात काय एवढं ताई? कौतुकच केलंय लोकांनी."

"कौतुक होतं तर ती हसणारी तोंडं कशाला लावलीस?"

"तू लईच मनाला लावून घेतीस."

घेते. मी आता नोकरी करते त्या ऑफिसातले एक साहेब भिंतीएवढ्या टीव्हीवर मॅच लावून मोबाइल चाळत बसतात, कोण जिंकलं ते सकाळी दुसऱ्याला विचारतात. त्यांना रसिक म्हणायचं. आणि हरणारी पोरगी पिशवी भरून आत जाईपर्यंत जी बाई टीव्ही बंद करत नाही, "पावनी जाऊ दे, मंग बंद कर" म्हणते, तिचा तमाशा करायचा? का? तिने चौघडी टॉवेलवर बसून बघितलं म्हणून?

आत्या भांडली नाही. तिने गवत बघणंच सोडलं. मागच्या जुलैत मी गेले तेव्हा टीव्हीवर कुठलीतरी मालिका चालू होती आणि कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. मला त्या ऐकवेनात. "गवत लागलंय आत्या," मी म्हटलं. ती तांदूळ निवडत राहिली. "लागू दे. आपल्याला काय कळतंय त्यातलं?" आत्याच्या तोंडून हे वाक्य! महेशने तर ते चॅनेलही काढून टाकलं होतं. आई बघत नाही, मग कशाला, म्हणून.

यंदा बायकांच्या फायनलला मी माझा मोबाइल आणि वायर घेऊन गेले. आता हे सामने मोबाइलवर येतात, तिथून टीव्हीला जोडावे लागतात. आत्या स्वयंपाकघरातून बघत होती. पडद्यावर हिरवं उमटलं. ती दारात आली. मग उभी राहिली. मग म्हणाली, "ह्या वक्ताला पिवळं पडलंय की गं कडंला." मी वायर नीट बसवत राहिले. बोलले असते तर ती आत गेली असती.

आत्याने बाहेरच्या दाराला कडी घातली. भर दिवसाउजेडी, आपल्याच घरात, कडी! ते बघून माझ्या अंगाची आग झाली. मग तिने टॉवेल चौघडी केला आणि बसली. पहिल्या सेटमध्ये तिने हूं की चूं केलं नाही. दुसऱ्या सेटमध्ये हरणारीने तोंड पुसून टॉवेल तिथेच भिरकावून दिला, आणि आत्याच्या तोंडून निघालंच, "ए! उचल त्यो!" आवाज दबका होता. पण होता.

तेवढ्यात कडी वाजली. "आई, दार का लावलंय? उघड की." महेश होता.

मी आत्याकडे बघितलं. तिची नजर गवतावर.

"थांब भाईर. ती मारायलीय."

"अगं, मी आहे, महेश!"

"ठावं हाय मला." आता आवाज ओळीतल्या चार घरांना गेला असेल. "बाजू बदलली की सोडते. आन् त्यो मोबाइल भाईरच ठिवायचा."

मी उठून कडी काढली नाही. उठायचा प्रश्नच नव्हता. चाळीस-चाळीस झालं होतं, आणि एकदा ते झालं की गेम किती लांबेल हे कुणालाच सांगता येत नाही.